हापूसच्या हंगामाआधी: एका संकेतस्थळाच्या वेगाच्या प्रकल्प नोंदी

१९ नोव्हेंबर २०२४

वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या फळबाजारात गाळा असलेल्या एका हापूस व्यापाऱ्याचे संकेतस्थळ आजपासून वागळे इस्टेटमधल्या आमच्या कार्यालयाकडे आले. संकेतस्थळ वर्डप्रेस या संकेतस्थळे चालवणाऱ्या प्रणालीवर असून पेटीची आगाऊ नोंदणी, पिनकोडनुसार घरपोच सेवा आणि त्या दिवसाचा भाव एवढाच त्याचा पसारा आहे. मालकांची तक्रार अशी की, गेल्या हंगामात ‘देवगड हापूस ठाणे’ आणि ‘हापूस आंबा नवी मुंबई घरपोच’ या दोन्ही शोधांत ते पहिल्या पानावरून दुसऱ्या पानावर घसरले. पुढे कोणीतरी त्यांना पेजस्पीड इनसाइट्स या गुगलच्या वेग मोजणाऱ्या साधनात मोबाइलसाठीचा ३१ हा लाल आकडा दाखवला आणि तेव्हापासून हा आकडा नव्वदच्या पुढे गेला की आपण पुन्हा वर येणार, असे समीकरण त्यांच्या मनात पक्के बसले आहे.

हे समीकरण कामाला हात घालण्यापूर्वीच सोडवून घेणे भाग होते. तो आकडा लाइटहाउस या चाचणीचा असतो. एक मध्यम कुवतीचा फोन आणि मुद्दाम मंद केलेले ४जी जाळे गृहीत धरून पान एकदा उघडले जाते आणि त्या एका खेपेवरून गुण दिले जातात. त्यात मुख्य थ्रेड (ब्राउझरची पान रचण्याची मुख्य कामाची रांग) किती वेळ अडकून राहिला याला ३० टक्के, सर्वांत मोठा घटक दिसण्याच्या वेळेला आणि मांडणीच्या स्थैर्याला प्रत्येकी २५ टक्के, तर उरलेल्या दोन मापांना दहा-दहा टक्के वजन असते. दोष शोधायला ही चाचणी उत्तम आहे, परंतु गुगलची क्रमवारी हे गुण वापरत नाही. ती क्रोम वापरणाऱ्या खऱ्या माणसांना आलेला अनुभव पाहते.

वेगाचा क्रमवारीशी संबंध मात्र खराच आहे, आणि तो जुना आहे. गुगलने एप्रिल २०१० मध्ये वेग हा क्रमवारीचा एक घटक असल्याचे जाहीर केले, तेव्हा त्याचा परिणाम एक टक्क्याहूनही कमी शोधांवर होत असल्याचेही त्याच घोषणेत सांगितले होते. जुलै २०१८ मध्ये हा घटक मोबाइलवरील शोधांना लागू झाला, तोही सर्वांत संथ पानांपुरता. जून ते ऑगस्ट २०२१ या काळात ‘कोअर वेब व्हायटल्स’ ही वापरकर्त्याच्या अनुभवाची तीन मापे मोबाइलच्या क्रमवारीत आली आणि फेब्रुवारी-मार्च २०२२ मध्ये डेस्कटॉपच्या. या सगळ्या टप्प्यांत गुगलची भूमिका एकच राहिली आहे: पानावरचा मजकूर शोधणाऱ्याच्या गरजेशी जुळतो की नाही हे आधी पाहिले जाईल, वेग त्यानंतर. म्हणून करारात गुणांचे लक्ष्य न लिहिता तीन मर्यादा लिहिल्या आहेत. चारपैकी तीन भेटींमध्ये एलसीपी (सर्वांत मोठा घटक दिसण्याची वेळ) अडीच सेकंदांच्या आत, आयएनपी (स्पर्शापासून पडदा बदलेपर्यंतचा वेळ) २०० मिलिसेकंदांच्या आत आणि सीएलएस (मांडणी किती हलते याचे माप) ०.१ च्या आत असला पाहिजे.

गुगलचे कोअर अपडेट, म्हणजे क्रमवारीच्या पद्धतीतला मोठा बदल, ११ तारखेपासून सुरू आहे. ते संपेपर्यंत आजची क्रमवारी आधाररेषा म्हणून धरायची नाही.

२७ नोव्हेंबर २०२४

आज गाळ्यावर गेलो. मालकांनी खिशातून नवा कोरा आयफोन काढला आणि म्हणाले, “हे बघा साहेब, माझ्या फोनवर तर झटकन उघडतं. मग खोट आहे कुठे?” त्यांच्या फोनवर ते झटकन उघडते, कारण ते रोज उघडल्याने निम्मे पान फोनमध्ये आधीच साठलेले आहे. शिवाय गुगल ज्या क्रोम युझर एक्सपिरियन्स रिपोर्टमधून अनुभव मोजते, त्यात आयफोनवरच्या भेटी धरल्याच जात नाहीत. अँड्रॉइड आणि डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या, आणि त्यातही माहिती पाठवण्यास संमती दिलेल्या वापरकर्त्यांच्याच भेटी त्यात येतात. इन्स्टाग्रामच्या आत उघडलेली पानेही त्यात मोडत नाहीत.

खरी पंचाईत वेगळीच आहे. नोव्हेंबरात आंबा कोण शोधतो? भेटी इतक्या कमी आहेत की पेजस्पीड इनसाइट्स आणि सर्च कन्सोल (संकेतस्थळाच्या मालकांसाठीचे गुगलचे अहवाल) दोन्हीकडे ‘पुरेशी माहिती नाही’ एवढेच उत्तर मिळते. हा अहवाल मागच्या २८ दिवसांची सरकती खिडकी धरतो. म्हणजे मार्चच्या अखेरीस दुरुस्ती केली, तर आकडे पूर्णपणे बदललेले दिसायला एप्रिल अखेर उजाडेल, आणि मेच्या शेवटी हापूस संपतो. जो धंदा वर्षातले जेमतेम तीन महिने चालतो, त्याच्यासाठी ही खिडकी फार लांब आहे. त्यामुळे सगळी दुरुस्ती आगाऊ नोंदणी सुरू होण्याआधी, म्हणजे फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, पूर्ण झालीच पाहिजे, हे वेळापत्रक आज मालकांकडून मान्य करून घेतले.

जुन्या हंगामाचे आकडे मात्र हाती लागले. या अहवालाचे मासिक तक्ते बिगक्वेरी या गुगलच्या माहितीसाठ्यावर सर्वांसाठी खुले असून ते २०१७ पासूनचे आहेत. एप्रिल २०२४ च्या तक्त्यात या संकेतस्थळाचा मोबाइलवरचा पंच्याहत्तराव्या शतमानाचा (म्हणजे चारपैकी तीन भेटी ज्याच्या आत बसतात तो) एलसीपी ५.१ सेकंद, आयएनपी ३८० मिलिसेकंद आणि सीएलएस ०.२७ होता. तिन्ही मापे नापास, त्यामुळे मालकांची शंका निराधार म्हणता येणार नाही.

गाळ्यावरच्या दिवाणजींचा स्वस्तातला अँड्रॉइड फोन केबलने लॅपटॉपला जोडून पान उघडून पाहिले. कोऱ्या पेट्यांच्या थप्पीआड जेमतेम दोन कांड्या नेटवर्क येत होते. आधी पांढरा पडदा, मग मजकूर, मग मजकुराचा टाइप बदलला, मग वरून एक पट्टी येऊन सगळे खाली सरकले आणि सर्वांत शेवटी आंब्याचा फोटो आला. कामाची यादी त्या एका खेपेतच तयार झाली.

१३ डिसेंबर २०२४

नोव्हेंबरचे अपडेट ५ तारखेला संपले म्हणून आधाररेषा नोंदवून ठेवली होती. तोवर काल, १२ तारखेला, दुसरे कोअर अपडेट सुरू झाले. हेही संपले की आकडे पुन्हा घेणार.

२३ डिसेंबर २०२४

अपडेट १८ तारखेला संपले. आधाररेषा: दोन्ही शोधांत दुसरे पान.

आता सर्व्हर. ठाण्याहून वाशीला ट्रान्स हार्बरने जाताना ऐरोली, रबाळेच्या पट्ट्यात डेटा सेंटरच्या खिडक्या नसलेल्या इमारती दिसतात, आणि फळबाजाराचे हे संकेतस्थळ मात्र अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या स्वस्त सामायिक होस्टिंगवर बसलेले. अंतराचा हिशोब असा आहे. मुंबईपासून तिकडचे हवाई अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास आहे आणि काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, त्यामुळे सरळ रेषेत तंतू टाकला तरी एका फेरीला सव्वाशे मिलिसेकंद लागतीलच. समुद्राखालच्या केबली वळणे घेत जात असल्याने प्रत्यक्षात दोनशेच्या वर लागतात. नवीन जोडणीत संपर्क जुळवण्याची (टीसीपी) एक फेरी, एन्क्रिप्शनची एक आणि मागणीची एक अशा किमान तीन फेऱ्या होतात. म्हणजे सर्व्हरने काहीही काम करण्याआधीच सहाशेहून अधिक मिलिसेकंद खर्ची पडतात, आणि पहिला बाइट येण्याची चांगली मर्यादा ८०० मिलिसेकंद मानली जाते.

त्यात भर पुनर्निर्देशनाची. दरवर्षी व्हॉट्सअ‍ॅपवरून ग्राहकांना जी लिंक जाते, ती साध्या एचटीटीपीची आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूविना असते. ती आधी एचटीटीपीएसकडे आणि मग डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूकडे वळते. प्रत्येक वळणाला पुन्हा समुद्रपार फेऱ्या आल्या. हा वेळ एलसीपीतच मोजला जातो, कारण मोजणी लिंकवर बोट पडल्या क्षणापासून सुरू होते. संकेतस्थळ मुंबईतल्या सर्व्हरवर हलवले, दोन वळणांचे एकच केले आणि संदेशात यापुढे अंतिम पत्ताच द्यावा असे मालकांच्या पुतण्यांना सांगितले. संदेश तेच पाठवतात.

संपूर्ण पानाची कॅश, म्हणजे तयार पानाची साठवलेली प्रत, चालू करताना एक अडचण होती. भाव सकाळी बाजार उघडल्यावर ठरतो, आणि कॅशमधले पान कालचाच भाव दाखवत राहिले तर गिऱ्हाईक गाळ्यावर येऊन भांडेल. म्हणून भावाचा तक्ता जतन होताच त्या पानांची कॅश आपोआप रिकामी होईल, अशी जोड दिली.

सर्व्हर मुंबईत आल्यावर सर्च कन्सोलच्या क्रॉल आकडेवारीतला सरासरी प्रतिसादाचा वेळ थोडा वाढलेला दिसू शकतो, हे इथेच लिहून ठेवतो. गुगलबॉट, म्हणजे पाने वाचत फिरणारा गुगलचा प्रोग्राम, मुख्यतः अमेरिकेतून येतो, त्यामुळे जे ग्राहकाला जवळ झाले ते त्याला लांब पडले. लाखो पाने असलेल्या संकेतस्थळाला हे जाचले असते. इथे पाने शंभरही नाहीत.

८ जानेवारी २०२५

मुखपृष्ठावर पाच फोटोंचा स्लायडर होता. त्यातला पहिला, पेंढ्यात मांडलेल्या आंब्यांच्या उघड्या पेटीचा, हाच पानावरचा सर्वांत मोठा घटक असल्याने एलसीपी त्याच्यावरच ठरत होता. फोटो कॅमेऱ्यातून निघाला तसाच, साधारण तीन एमबीचा, चढवलेला होता. पण वजन हा त्याचा निम्माच दोष होता. एलसीपीचे चार भाग पडतात: पहिला बाइट येईपर्यंतचा वेळ, फोटोची मागणी सुरू होईपर्यंतचा विलंब, फोटो उतरण्याचा वेळ आणि तो पडद्यावर रंगवण्याचा विलंब. इथे दुसरा भागच सर्वांत मोठा निघाला. स्लायडरचा फोटो एचटीएमएलमध्ये नव्हताच. तो जावास्क्रिप्ट चालल्यानंतर सीएसएसच्या पार्श्वभूमीतून लावला जात होता. ब्राउझर पानाचे एचटीएमएल येताच पुढचे फोटो हुडकून मागणी नोंदवतो, पण जे एचटीएमएलमध्ये नाही ते त्याला दिसणार कसे? वर्डप्रेस ६.३ पासून महत्त्वाच्या फोटोला आपणहून अग्रक्रमाची खूण लावते, तीही स्लायडरच्या प्लगइनमुळे (वर्डप्रेसला जोडलेल्या छोट्या प्रोग्राममुळे) वाया जात होती.

स्लायडर काढून टाकला. मालकांना तो प्रिय होता, पण मागच्या मे महिन्यातल्या क्लिक पाहिल्या तेव्हा दुसऱ्या फोटोच्या पुढे फारसे कोणी गेलेले नव्हते, हे त्यांना दाखवले. आता एकच फोटो आहे, साध्या इमेज टॅगमध्ये, रुंदी-उंची लिहिलेला, वेबपी या हलक्या स्वरूपात, मोबाइलसाठी शंभर केबीच्या आत, आणि त्याला अग्रक्रमाची खूण आहे. लेझी लोडिंग, म्हणजे फोटो पडद्याजवळ आल्यावरच उतरवणे, खालच्या फोटोंना ठेवले आहे. पहिल्याच फोटोला ते लावणे म्हणजे ज्याची घाई आहे त्यालाच रांगेत मागे उभे करणे होय.

१६ जानेवारी २०२५

देवनागरीचा फाँट हा मराठी संकेतस्थळांचा खास प्रश्न आहे आणि वेगावरच्या इंग्रजी लेखांत त्याची दखल क्वचितच दिसते. रोमन लिपीचा फाँट थोड्या अक्षरांत भागतो. देवनागरीला जोडाक्षरे, रफार, मात्रांच्या जागा असे सगळे वेगळे आकार लागतात, म्हणून तिची फाइल जड असते. इथे मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’ हा फाँट वापरला आहे. निवड चांगली आहे, परंतु त्याची पाच वजने गुगल फाँट्सवरून मागवली जात होती, तीही दोन वेगळ्या पत्त्यांशी दोन नव्या जोडण्या करून. दुसऱ्या संकेतस्थळामुळे फाँट आधीच फोनमध्ये आलेला असेल, हा जुना युक्तिवाद क्रोम ८६ पासून, म्हणजे २०२० पासून, लागू नाही, कारण तेव्हापासून प्रत्येक संकेतस्थळाची कॅश वेगळी ठेवली जाते.

दोन वजने ठेवली आणि फाइली आपल्याच सर्व्हरवर आणल्या. फाइल छाटताना केवळ देवनागरीचा यूनिकोड खंड ठेवून भागत नाही. रुपयाचे चिन्ह ₹ त्या खंडात नाही, ते चलनचिन्हांच्या खंडात आहे. ते सुटले तर ‘₹’ एका फाँटमधून आणि पुढचे शब्द दुसऱ्यातून येतात, आणि भावाच्या तक्त्यात ते लगेच डोळ्यांत खुपते. शून्य रुंदीचे जोडक आणि विलगक ही दोन अदृश्य चिन्हेही राखावी लागतात आणि जोडाक्षरांचे नियम सांगणारी कोष्टके तर हवीतच. छाटणीनंतर ‘रत्नागिरी’, ‘कोऱ्या पेट्या’, ‘पक्व’, ‘ज्ञ’, ‘क्ष’, ‘₹’ असा मजकूर असलेले एक चाचणी पान दिवाणजींच्या फोनवर उघडून ओळ न् ओळ तपासले.

फाँट येईपर्यंत मजकूर फोनच्या आपल्या देवनागरीत दिसतो आणि मग बदलतो. दोन्हींची ओळीची उंची वेगळी असल्याने त्या क्षणी परिच्छेद हलतो आणि सीएलएस वाढतो. तात्पुरत्या फाँटची उंची आणि आकार ‘मुक्त’शी जुळवून घेणारी मापे सीएसएसमध्ये लिहिली. अक्षर बदललेले अजूनही कळते, पण ओळ जागची हलत नाही.

२४ जानेवारी २०२५

‘आजचा भाव’ सांगणारी पिवळी पट्टी. ती पान दिसल्यानंतर स्क्रिप्टने वर घुसवली जात होती. सीएलएसचा गुणाकार सोपा आहे: पडद्याचा किती भाग हलला, गुणिले तो किती अंतर हलला. दृश्य भागाची उंची ६४० पिक्सेल आणि पट्टी ७२ पिक्सेलची धरली, तर जवळजवळ सगळा पडदा ७२ भागिले ६४० इतका सरकतो, म्हणजे ०.११. एकट्या पट्टीने ०.१ ची मर्यादा ओलांडली. भाव आता सर्व्हरवरच पानात लिहिला जातो. भाव ठरण्याआधी पट्टीची जागा रिकामी, पण राखलेली असते.

पिनकोडची चौकट हा आयएनपीचा दोषी. देशभरचे एकोणीस हजारांच्या आसपास पिनकोड पानासोबत उतरत होते आणि प्रत्येक आकडा दाबताच ती सगळी यादी चाळून खाली नवी यादी रचली जात होती. ‘४’ दाबले की हजारो ओळी. दिवाणजींच्या फोनवर आकडा उमटायलाच अर्धा सेकंद लागे, मग गडबडीत तोच आकडा दोनदा दाबला जाई. मार्च २०२४ पर्यंत गुगल केवळ पहिल्या स्पर्शाला प्रतिसाद सुरू होण्याचा विलंब मोजत असे, त्यात ही चौकट उत्तीर्ण झाली असती. १२ मार्च २०२४ पासून त्या मापाची जागा आयएनपीने घेतली, आणि तो स्पर्शापासून पडदा बदलेपर्यंतचा पूर्ण वेळ धरतो. व्यापारी आंबा पोहोचवतात मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि पुण्यात. तेवढेच पिनकोड ठेवले, आणि ४००६०१ किंवा ४००७०३ असे सहाही आकडे पूर्ण झाल्यावरच तपासणी होते.

१२ फेब्रुवारी २०२५

नोंदणी आज उघडली, व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश गेले. उद्यापासूनची २८ दिवसांची खिडकी स्वच्छ मिळेल.

याच सुमारास नवी मुंबई घरपोच सेवेचे पान नव्याने लिहिले: कोणत्या विभागात कोणत्या वारी पेट्या जातात, चार डझनी आणि सहा डझनी पेटीतला फळाच्या आकाराचा फरक, फळ कच्चे की तयार, आणि २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला हापूस ओळखायचा कसा. ठाण्याचे पान वेळेअभावी जुन्याच मजकुरावर राहिले आहे. त्यात विभागांची नावे एकापुढे एक टाकण्यापलीकडे काही नाही.

१४ मार्च २०२५

१३ फेब्रुवारी ते १२ मार्च या २८ दिवसांचे आकडे आले. मोबाइलवरचा एलसीपी २.४ सेकंद, आयएनपी १६० मिलिसेकंद, सीएलएस ०.०५. तिन्ही मर्यादेच्या आत आहेत, एलसीपी काठावर. लाइटहाउसचे गुण ७८ आहेत, आणि मालकांनी नव्वदला कमी पडणाऱ्या बाराचे काय, असे लगेच विचारले. ते मुख्यत्वे गप्पांच्या खिडकीच्या बाहेरून येणाऱ्या स्क्रिप्टमध्ये अडकले आहेत, आणि त्या खिडकीतून रोज चौकश्या येतात. केवळ क्रमवारीसाठी पूर्ण गुणांच्या मागे लागण्यात वेळेचा सदुपयोग नाही, असे गुगलच्याच मार्गदर्शिकेत म्हटले आहे. ते त्यांना वाचून दाखवले.

काल पुन्हा कोअर अपडेट सुरू झाले. क्रमवारीची नोंद ते संपल्यावर.

२ एप्रिल २०२५

अपडेट २७ मार्चला संपले, पाडवाही झाला. ‘हापूस आंबा नवी मुंबई घरपोच’ या शोधात आपण दुसऱ्या पानावरून पहिल्या पानाच्या मध्यावर आलो. ‘देवगड हापूस ठाणे’ मध्ये जागा जवळपास हललेली नाही.

दोन्ही पाने एकाच सर्व्हरवर, एकाच साच्यात, एकाच फाँटमध्ये आहेत आणि दोन्हींचा वेग सारखाच सुधारला आहे. फरक आहे तो मजकुराचा. मधे अपडेट आल्यामुळे हा पक्का पुरावा ठरत नाही, तरी चढलेल्या जागेचे श्रेय निव्वळ वेगाला देणे मला पटत नाही, आणि देयकासोबतच्या अहवालात तसे स्पष्ट लिहिले आहे. वेगाचा हिशोब दुसरीकडे दिसतो: पिनकोड भरायला सुरुवात करून मध्येच सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण मागच्या हंगामाच्या तुलनेत लक्षणीय घटले आहे. मालकांना क्रमांकापेक्षा हाच आकडा अधिक आवडला. ठाण्याच्या शोधात सर्वांत वर नकाशाची चौकट येते, आणि तिच्यासाठी गुगल अनुरूपता, अंतर आणि ख्याती हे तीन निकष सांगते; तिथे व्यवसायाच्या प्रोफाइलवरची वेळ, फोटो आणि अभिप्राय यांचे काम पुतण्यांनी हाती घ्यायचे ठरले.

शिल्लक कामे: ठाण्याच्या पानाचा मजकूर ३० एप्रिलच्या अक्षय्य तृतीयेच्या पुरेसा आधी नव्याने लिहिणे. गप्पांची खिडकी पान उघडताच न आणता तिच्या बटणावर बोट पडल्यावरच आणणे. एलसीपी काठावर असल्याने नवा फोटो चढवताना तो आपोआप लहान होईल अशी सोय करणे, कारण पहिल्या देवगड पेट्यांचे फोटो काल पुतण्यांनी थेट फोनवरून चढवले आहेत आणि त्यातला एक चार एमबीचा आहे.